गाणं ऑनलाईन टाकायचं म्हणजे नक्की काय? आडत्यापासून सुपारीपर्यंत

गणपतीच्या दोन महिने आधी मला हमखास एक तरी फोन येतो. यंदा तो आमच्या गल्लीतल्या भजनी मंडळाच्या पेटीवाल्या काकांचा होता. "अरे, आमचं एक गाणं रेकॉर्ड झालंय, पोरं म्हणतायत स्पॉटिफायवर टाका. मी अकाउंट काढलं, सगळं उघडून बघितलं, पण गाणं चढवायचं बटणच सापडंना." काकांचं काही चुकलं नव्हतं. ते बटण तिथं नाहीच.

मी काही संगीतवाला नाही. भाचा गातो, घरातच लॅपटॉपवर बीट बनवतो, आणि त्याचे लॉगिन, पासवर्ड, फॉर्म हे सगळं खातं गेली तीन वर्षं माझ्याकडे आहे (त्याला फॉर्म दिसला की झोप येते). ह्या तीन वर्षांत जेवढ्या ठेचा खाल्ल्या त्यातून जे कळलं ते सांगतो, कारण हा विषय वाटतो सोपा पण आत शिरलं की बाजार समितीच्या आवारात पहिल्यांदा गेलेल्या माणसासारखं होतं, सगळे ओरडतायत आणि आपला माल कुठं उतरवायचा तेच कळत नाही.

बटण का नाही?

बाजार समितीचंच उदाहरण घ्या. तुम्ही टोमॅटो पिकवला तरी मुंबईतल्या प्रत्येक दुकानात स्वतः जाऊन क्रेट ठेवत नाही, मधे आडत्या असतो. गाण्यातल्या आडत्याला डिस्ट्रिब्युटर म्हणतात. तुम्ही त्याच्याकडे गाण्याची फाईल, कव्हरचं चित्र आणि माहिती देता, तो ती स्पॉटिफाय, ॲपल म्युझिक, जिओसावन, ॲमेझॉन म्युझिक, यूट्यूब म्युझिक, इन्स्टाग्रामची म्युझिक लायब्ररी अशा सगळीकडे पोचवतो, आणि तिकडून आलेले पैसे गोळा करून तुम्हाला देतो.

आडत घ्यायच्या पद्धती वेगवेगळ्या. डिस्ट्रोकिडसारखे लोक वर्षाची फी घेतात आणि कितीही गाणी टाकू देतात. सीडी बेबीसारखे एकदाच फी घेतात आणि मग कमाईतले काही टक्के कापतात. काही फुकट घेतात पण टक्का जास्त. वर्षाच्या फीवाल्यांकडं एक गोम लक्षात ठेवा, फी भरायची थांबवली की गाणी खाली उतरू शकतात, जादा पैसे भरून ती कायम ठेवायची सोय काही ठिकाणी असते पण ती आधी विचारायला लागते. वर्षाला दोन गाणी करणाऱ्यानं एकदाच फी घेणारा बघावा, महिन्याला दोन करणाऱ्यानं वर्षाची फी भरावी, साधा हिशोब आहे.

यूट्यूब, साउंडक्लाउड आणि बँडकॅम्प इथं मात्र आडत्या लागत नाही, थेट चढवता येतं. बँडकॅम्प आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नाही, तिथं श्रोता गाणं किंवा अल्बम चक्क विकत घेतो आणि कंपनी डिजिटल विक्रीतले १५ टक्के ठेवते. मराठी श्रोता तिथं किती येणार हा प्रश्न आहेच, पण वाद्यसंगीत किंवा काही वेगळं प्रायोगिक करणाऱ्यांनी परदेशातल्या श्रोत्यांसाठी तिथं पाटी लावायला हरकत नाही.

गाण्याचा सातबारा

डिस्ट्रिब्युटरचा फॉर्म म्हणजे गाण्याचा सातबारा. ह्या माहितीला मेटाडेटा म्हणतात: नाव, गायक, गीतकार, संगीतकार, भाषा, साल. त्यात एक बारा अक्षरांचा नंबर मिळतो, आयएसआरसी. तो त्या रेकॉर्डिंगचा गट नंबर समजा. उद्या डिस्ट्रिब्युटर बदलला तरी तोच नंबर द्यायचा, म्हणजे आधीची ऐकणी शक्यतो त्याच गाण्यावर राहतात. नवीन नंबर घेतला तर मोजणी शून्यापासून.

आमची पहिली ठेच इथंच लागली. भाच्याचं नाव आणि आडनाव अगदी चारचौघांसारखं, महाराष्ट्रात त्या नावाची दहा हजार पोरं असतील. गाणं शुक्रवारी लाईव्ह झालं, आम्ही पेढे वाटले, आणि उघडून बघतो तर ते दुसऱ्याच कुणाच्या पेजवर, जिथं आधीच गरब्याचे दोन अल्बम होते. नाव सारखं दिसलं की सिस्टीम चिकटवून टाकते. ते सोडवून घ्यायला तीन आठवडे गेले, आणि नवीन गाण्याचे जे पहिले गरम गरम तीन आठवडे असतात ते त्या गरबेवाल्या दादांच्या नावावर गेले. त्यांनाही कळलं नसेल बिचाऱ्यांना अचानक रॅप कुठून आलं. तेव्हापासून भाच्यानं टोपणनाव घेतलंय.

स्पेलिंगचंही तसंच. आपण शोधतो बहुतेक वेळा रोमनमध्ये, आणि विठ्ठल एका टी नं लिहायचा की दोन, शेवटी ए लावायचा की नाही, ह्यावर चार मराठी माणसांत पाच मतं. एक ठरवा आणि सगळीकडं तेच वापरा, यूट्यूबवर वेगळं आणि स्पॉटिफायवर वेगळं नको.

एक गाणं, दोन मालक

हा भाग जरा नीट वाचा, सगळी भांडणं इथंच होतात.

कायद्यानं एका गाण्यात दोन वेगळ्या मालमत्ता असतात. एक म्हणजे रचना, शब्द आणि चाल. दुसरी म्हणजे रेकॉर्डिंग, ज्याला धंद्यात मास्टर म्हणतात. रचना ही जमीन, रेकॉर्डिंग हे त्या जमिनीवर बांधलेलं घर. घर तुम्ही स्वतःच्या पैशानं बांधलं म्हणून जमीन तुमची होत नाही.

"पण तुकोबांचा अभंग आहे, त्यावर कसला कॉपीराइट?" हे मी किमान वीस वेळा ऐकलंय. शब्दांवर नाही, बरोबर. आपल्या १९५७ च्या कायद्यात लेखकाच्या किंवा संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात, तुकोबांना जाऊन साडेतीनशेच्या वर वर्षं झाली. पण तुम्ही ज्या चालीत तो गाताय ती चाल विसाव्या शतकातल्या एखाद्या संगीतकारानं बांधलेली असेल तर ती चाल अजून त्यांच्या वारसांची किंवा कंपनीची असू शकते. शब्द मोकळे, चाल बांधलेली. आणि जुन्या रेकॉर्डवरून तुकडा उचललात तर रेकॉर्डिंगचा हक्क आणखी वेगळा, तो प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षांचा.

आता ह्याला पोलीस कोण? यूट्यूबवर कंटेंट आयडी नावाची व्यवस्था आहे. कंपन्या आपली गाणी तिथं नोंदवून ठेवतात, तुम्ही व्हिडिओ चढवला की मशीन तो त्या साठ्याशी ताडून बघतं, जुळलं की क्लेम येतो. क्लेम आणि स्ट्राइक ह्यात लोक घोळ करतात. क्लेम म्हणजे बहुतेक वेळा व्हिडिओ राहतो पण जाहिरातीचे पैसे समोरच्याला. स्ट्राइक म्हणजे कायदेशीर तक्रार, व्हिडिओ खाली, आणि ९० दिवसांत तीन झाले की चॅनेलच बंद होऊ शकतं.

भाच्याला क्लेम आला तो स्वतःच लिहिलेल्या, स्वतः गायलेल्या गाण्यावर. पोरगं रडकुंडीला आलं. शोधल्यावर कळलं की गाण्यात पहिल्या कडव्याआधी जी आठ मात्रांची ढोलकी वाजते ती एका लूप पॅकमधली (तालाच्या तयार तुकड्यांच्या संचातली) होती, पैसे देऊन घेतलेली, वापरायची परवानगी असलेली. पण तोच पॅक आणखी कुणीतरी घेऊन गाणं केलं होतं आणि फॉर्म भरताना "सगळं माझंच आहे" वर टिक करून कंटेंट आयडीला नोंदवलं होतं. म्हणजे ढोलकी भाड्याची, आणि भाडेकरू म्हणतोय वाडा माझा. लायसन्सची पावती जपून ठेवली होती म्हणून वाद घालून क्लेम उठला, नाहीतर बसलो असतो. रेडिमेड बीट भाड्यानं घेताना पण हेच, तोच बीट शंभर जणांना विकलेला असतो, तुम्ही त्याच्यावर कंटेंट आयडी लावायचं नाही. पुढच्या गाण्याला आम्ही गावातल्याच एका ढोलकीवाल्या दादांना बोलावलं, दोन तासांचं मानधन दिलं, आणि खरं सांगतो, गाणं दहा पटीनं चांगलं झालं.

३० सेकंदं आणि वर्गणीचा गल्ला

"एका ऐकण्याला किती पैसे मिळतात?" ह्या प्रश्नाला ठरलेला आकडा नाही, आणि छातीठोक आकडा सांगणाऱ्यापासून लांब राहा.

असं समजा की गावच्या जत्रेत सगळ्यांची वर्गणी एका पेटीत पडते. त्यातला साधारण एक तृतीयांश पंचकमिटी ठेवते, उरलेले दोन तृतीयांश कलाकारांत वाटायचे, आणि वाटायचे कसे, तर एकूण टाळ्यांपैकी ज्याच्या वाट्याला जेवढ्या टाळ्या तेवढा हिस्सा. स्पॉटिफायसारख्या ॲपचं ढोबळमानानं हेच आहे. म्हणजे तुमच्या शेजाऱ्यानं महिनाभर फक्त तुमचंच गाणं ऐकलं तरी त्याची वर्गणी सरळ तुम्हाला येत नाही, ती मोठ्या पेटीत जाते आणि तिथं सगळ्यात जास्त टाळ्या मोठ्या नावांना. शिवाय आपल्याकडचं सबस्क्रिप्शन अमेरिकेपेक्षा बरंच स्वस्त, त्यात बहुतेक जनता जाहिराती सोसून फुकट ऐकणारी, त्यामुळं पुण्यातल्या ऐकण्याला न्यू जर्सीतल्या ऐकण्यापेक्षा कमी दाम पडतो. तिकडच्या महाराष्ट्र मंडळातल्या ताईंनी ऐकलं तर बरं, असं आम्ही गमतीनं म्हणतो.

दोन नियम माहीत असू द्या. स्पॉटिफायवर ३० सेकंदं वाजलं तरच ते ऐकणं मोजलं जातं. आणि २०२४ पासून एखाद्या गाण्याला मागच्या १२ महिन्यांत किमान १,००० ऐकणी नसतील तर त्या गाण्याच्या रेकॉर्डिंगचे पैसेच मिळत नाहीत. पहिल्या नियमानं गाण्याची ठेवणच बदलून टाकलीय. आपल्याकडं आधी बासरी, मग संतूर, मग कोरस, आणि पाऊण मिनिटानं मुखडा, ही जी ऐसपैस पद्धत होती ती आता परवडत नाही, पोरं आवाजानंच सुरुवात करतात. मला स्वतःला हे आवडत नाही, पण भाचा माझं ऐकत नाही आणि बहुतेक त्याचंच बरोबर आहे.

तर आमचा आकडा. पहिल्या वर्षी सगळ्या ॲपवर मिळून चाळीस हजारांच्या आसपास ऐकणी आणि खात्यात १९ डॉलर. डिस्ट्रिब्युटरची फी तेवढ्यातच गेली.

पण एक दुसरा गल्ला आहे जो बहुतेकांना माहीतच नसतो. डिस्ट्रिब्युटर देतो ते मुख्यतः रेकॉर्डिंगचे पैसे. शब्द आणि चालीचे पैसे वेगळे असतात आणि ते भारतात आयपीआरएस ही संस्था गोळा करते, १९६९ पासूनची जुनी संस्था आहे. गीतकार, संगीतकार म्हणून तिथं सभासद व्हायचं, गाणी नोंदवायची, मग रेडिओ, टीव्ही, हॉटेल, कार्यक्रम, ॲप असं जिथं जिथं वाजतं तिथला तुमचा वाटा तिकडून येतो. थोडा असेल, उशिरा येईल, पण सभासदच नसाल तर तुमच्यापर्यंत पोचणार कसा?

मग यूट्यूबच बरं की!

बरं आहेच, मराठी गाण्याचं खरं घर अजून यूट्यूबच आहे. गावाकडं गाणं "ऐकत" नाहीत, "बघतात". पण तिथंही उंबरठा आहे, जाहिरातीचे पैसे सुरू व्हायला १,००० सबस्क्रायबर आणि १२ महिन्यांत ४,००० तासांचं बघणं, किंवा शॉर्ट्सवर ९० दिवसांत १ कोटी व्ह्यूज. त्यानंतर मोठ्या व्हिडिओच्या जाहिरातीतले ५५ टक्के तुमचे. चार मिनिटांच्या गाण्यानं ४,००० तास भरायला किती वेळा बघावं लागेल ते गुणून बघा. साठ हजार वेळा, आणि ते पण पूर्ण.

आणि सगळी अंडी एका टोपलीत नकोत ह्याचा धडा आपल्याला जून २०२० मध्ये मिळालाय. टिकटॉक एका रात्रीत बंद झालं आणि खेड्यापाड्यातल्या कितीतरी कलाकारांचे लाखो फॉलोअर हवेत गेले. नंतर २०२४ मध्ये रेसो हे गाण्यांचं ॲप आपल्याकडून गेलं, विंक हे दुसरं बंद करायचं ठरलं. दुकानं बदलत राहतात. मूळ मास्टर फाईल, वेगवेगळे ट्रॅक, आयएसआरसी आणि पावत्या एका हार्डडिस्कवर आणि एका क्लाउडवर ठेवा, दुकान कुठलंही येऊ दे.

टाकलं, पण ऐकणार कोण?

२०२४ मध्ये संजू राठोडचं 'गुलाबी साडी' रीलमधून लग्नाच्या वरातीत आणि वरातीतून परत रीलमध्ये असं फिरत राहिलं, आणि तेव्हापासून प्रत्येक पोराला वाटतं आपलंही असंच होणार. होईलही. पण त्यात एक गोष्ट बघण्यासारखी आहे, लोकांना त्या तुकड्यावर स्वतःला काहीतरी करता येत होतं, साडी नेसून मिरवता येत होतं. रीलवर गाणं वाजत नाही, गाण्याचा वापर होतो. तुमच्या गाण्यातल्या कुठल्या १५ सेकंदांवर दुसरा माणूस काय करेल ह्याचं उत्तर नसेल तर रोज स्टोरी टाकून उपयोग नाही.

क्रम पण महत्त्वाचा. आधी गाणं डिस्ट्रिब्युटरमार्फत इन्स्टाच्या लायब्ररीत पोचू द्या, मग रील करा. घाईनं आधी रील टाकली तर ऑडिओ "ओरिजिनल ऑडिओ" म्हणून सुटा पडतो, दुसऱ्यानं उतरवून परत चढवला तर त्याच्या नावानं, आणि तुमच्या गाण्याशी धागा लागत नाही.

स्पॉटिफायवर कलाकारांसाठी वेगळं ॲप आहे, त्यातून प्रसिद्ध न झालेलं गाणं त्यांच्या संपादकांकडं फुकट पाठवता येतं, एका वेळी एकच. तारखेच्या किमान ७ दिवस आधी पाठवलं तर निदान तुमच्या फॉलोअरच्या रिलीज रडारमध्ये, म्हणजे नव्या गाण्यांच्या यादीत, ते येतं. मी चार आठवडे धरतो. गणपतीचं गाणं गणपतीच्या आदल्या दिवशी टाकणाऱ्यांना काय बोलायचं! डीजेवाल्यांची यादी त्याच्या कितीतरी आधी ठरलेली असते, गाणं पेन ड्राइव्हमध्ये घालून दोन डीजेवाल्यांच्या हातात देणं हे आजही सगळ्यात स्वस्त प्रमोशन आहे. शिवजयंतीचं, आषाढीचं, सगळ्यांचं तेच.

पैसे देऊन व्ह्यूज घेतले तर?

नको. आम्ही केलंय म्हणून सांगतो. एका प्रमोशनवाल्यानं २,५०० रुपयांत ५० हजार ऐकणी सांगितली, आठ दिवसांत आली पण, सगळी अशा दोन शहरांतून जिथं मराठी बोलणारं कुत्रं नसेल. मग डिस्ट्रिब्युटरचं पत्र, ऐकणी कृत्रिम आहेत, गाणं काढलं. स्पॉटिफाय अशा गाण्यामागं डिस्ट्रिब्युटरकडून दंड घेतं आणि तो दंड फिरून आपल्याच माथी येतो. प्रमोशनवाल्याचा नंबर तोवर बंद.

बनावट ऐकणी ही नुसती फालतूगिरी नाही, त्या वर्गणीच्या पेटीतली चोरी आहे. अमेरिकेत सप्टेंबर २०२४ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या एका माणसावर आरोप ठेवले गेले, एआयनं लाखो गाणी बनवून बॉटकडून, म्हणजे माणसाऐवजी आपोआप वाजवणाऱ्या प्रोग्रामकडून, ऐकवली आणि १ कोटी डॉलरच्या वर रॉयल्टी उचलली म्हणून. त्यामुळं आता सगळ्या कंपन्या कडक झाल्यात आणि सुक्याबरोबर ओलंही जळतंय, प्लेलिस्टमध्ये कुणी न विचारता तुमचं गाणं घातलं आणि तिथं बॉट असतील तरी तुम्हीच अडकता. अचानक आकडे फुगलेले दिसले तर आनंद करण्याआधी ऐकणारे कुठल्या गावचे ते बघा.

सरळ म्युझिक कंपनीला देऊन टाकलं तर?

द्या की, वाईट नाही. त्यांच्याकडं तयार श्रोता असतो. फक्त सही करण्याआधी कागद वाचा. "एकरकमी" आणि "कायमस्वरूपी सर्व हक्क" हे दोन शब्द एका वाक्यात दिसले की चहा मागवा आणि हळूहळू वाचा. करारात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती ५ वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणून तर ते "कायमचं, जगभर" असं आवर्जून लिहितात. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा सोडून द्यायला लावता येत नाही, हे सही घेणाऱ्याला माहीत असतं, देणाऱ्याला नसतं.

१९ डॉलरसाठी एवढा खटाटोप?

भाच्याला ते १९ डॉलर आले त्याच वर्षी त्याला सहा सुपाऱ्या मिळाल्या. दोन कॉलेजची गॅदरिंग, एक दहीहंडी, तीन वाढदिवस (त्यातला एक नगरसेवकाचा, तिथलं मानधन अजून अर्धं यायचंय). प्रत्येक आयोजकानं आधी विचारलं, "लिंक पाठव." गाणं ऐकलं की नाही देव जाणे, पण लिंक उघडली, फोटो दिसला, आकडा दिसला, म्हणून तारीख दिली. ॲप म्हणजे आमच्यासाठी दुकान नव्हेच, दुकानाची पाटी आहे. ज्यांना तिथूनच पोट भरायचंय त्यांना लाखांत नाही, कोटींत ऐकणी लागतील.

काकांचा फॉर्म मी त्या दिवशी रात्री बसून भरायला घेतला. गायक झाला, पेटी-पखवाज झाला, भाषा झाली. "संगीतकार" ह्या रकान्याशी थांबलो. "काका, चाल कुणाची?" काका म्हणाले, "चाल होय, ती आपल्या अण्णांची की, ते जाऊन झाली पंधरा वर्षं." मी म्हटलं, मग ती आता त्यांच्या वारसांची. काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, अण्णांची मुलगी चिंचवडला असते, एकुलती एक, रविवारी जाऊन येतो, सही पण आणतो आणि तिला गाणं ऐकवतो पण, तिनं बापाची चाल इतक्या वर्षांत ऐकली नसेल. रकाना मी अण्णांच्या पूर्ण नावानं भरून ठेवलाय, फॉर्म ड्राफ्टमध्ये आहे, रविवारनंतर पाठवायचा.